बोटभर रबर आणि भाऊजींचा हात

भाऊजींच्या हाताला कंप सुटलाय, असं पहिल्यांदा म्हणाली ती कोपऱ्यावरची खानावळवाली. तीही कुठे, तर माझ्या शिलाईच्या दुकानात, माझ्याच स्टुलावर बसून, बाह्यांचं माप देता देता. मी टेप तिच्या दंडाभोवती जरा जास्तच आवळली.

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? माझ्या सुऱ्या बघ की. एकीला दाते पडलेत, दुसरी निळी झालीये. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हाच मी म्हटलं होतं, आता हा माणूस संपला."

संपला नव्हता. तेव्हा तर मुळीच नव्हता. त्या वेळी त्यांच्या हाताला काडीचाही कंप नव्हता, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. आणि ज्यांच्यामुळे लोक असं बोलायला लागले, त्यांच्यापैकी एकालाही आजवर त्याची लाज वाटलेली नाही, हेही सांगते. माझा आवाज चढला तर चढू द्या.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. धंद्याने धारवाला. सुऱ्या, कात्र्या, कोयते, जे काही कापतं त्याला धार लावणारा. लग्न ठरलं तेव्हा आमची आई म्हणाली होती, मुलगा नाकासमोर चालणारा आहे. वडील म्हणाले, "चालणारा कसला, मोटारसायकलवर बसणारा आहे. आणि ती मोटारसायकल तर जागची हलत नाही."

ते एका अर्थी खरंच होतं. गाडी मूळची भाऊजींच्या मामांची. धंदाही मामांनीच शिकवला. गल्लीत आलं की भाऊजी गाडी मोठ्या स्टँडवर चढवायचे, मागचं चाक अधांतरी. त्या चाकावरून एक पट्टा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी चौकटीत बसवलेला गोल दगड. गाडी गिअरमध्ये टाकली की चाक फिरायचं, चाकाबरोबर दगड. ॲक्सिलरेटरची तार खाली आणून तिला पायाशी एक पट्टी जोडलेली होती. शिलाई मशीनचा पाय मारावा तसा भाऊजी ती पट्टी दाबत, आणि दगडाचा वेग त्या पायात. वर टांगलेल्या डब्यातून दगडावर थेंब थेंब पाणी, म्हणजे पातं तापायला नको. पातं तापून निळं पडलं की त्याचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, गेला, मग त्याला कितीही धार लावा, दोन दिवसांत बोथट.

ताई त्या गाडीला सवत म्हणायची. "माझ्याआधी घरात आली, आणि माझ्यापेक्षा जास्त आंघोळी हिच्या होतात." पण गाडी पुसायची ती ताईच. भाऊजींना पुसू द्यायची नाही, म्हणे तुम्ही कोपरे सोडता.

धार लावायच्या आधी भाऊजी प्रत्येकाला विचारायचे, हे कोण वापरतं? उजव्या हाताचं की डावऱ्या? चिरायला की सोलायला? माझी कात्री झाली की ते कानाशी धरून हळूच मिटायचे. आवाज पटला की मग माझ्याकडे द्यायचे आणि म्हणायचे, "घ्या मेहुणीबाई, हिच्याने आता शेजारणीची जीभसुद्धा कापता येईल."

"मग आधी ताईला सांभाळा," मी म्हणायचे. घरातून ताई हसायची.

मग मोतीबिंदू आला. ऑपरेशन झालं, नीट झालं. डॉक्टरांनी बजावलं, ठिणग्या आणि धूळ यांच्यापासून लांब राहायचं, मी सांगेपर्यंत दगडापाशी बसायचं नाही. भाऊजींनी ऐकलं. आणि दवाखान्यात जाण्याआधी मामांचा शिरस्ता पाळला. मामा सांगायचे, गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल तर टाकी तुडुंब भरून ठेवावी. रिकाम्या टाकीत हवा शिरते आणि आतून गंज चढतो. भाऊजी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मुद्दाम पंपावर गेले, गळ्यापर्यंत पेट्रोल भरून आणलं, गाडी आडोशाला लावली आणि वर जुनी चादर घालून चारी बाजूंनी खोचली. आजारी कोण होतं, गाडी की भाऊजी, असा प्रश्न पडावा. धंदा करणाऱ्या माणसाने जितकी काळजी घ्यावी तितकी घेतली. मला राग येतो तो इथूनच.

डोळा बरा झाला, डॉक्टरांनी परवानगी दिली, चादर निघाली. गाडी सुरू व्हायला कुरकुरली, पण झाली. भाऊजी खुशीत बाहेर पडले आणि पहिल्याच दिवशी खानावळवालीच्या सुऱ्यांचा सत्यानाश झाला.

झालं असं, की दगड आपल्या मनाने वागायला लागला. पाय पट्टीवर स्थिर, आणि इंजिन मध्येच किंचाळून वर जायचं, मध्येच दम लागल्यासारखं खाली बसायचं. पातं दगडाला टेकलेलं असताना दगडाने अशी उसळी घेतली की हातातलं पातं उडतं, नाहीतर तापून निळं होतं. भाऊजींना वाटलं पाय जड पडला. त्यांनी पायातली चप्पल काढून अनवाणी पाय ठेवून पाहिला. मग वाटलं डोळ्याला अंतर कळत नाहीये. मग वाटलं हात.

लोकांना तर कारण आयतंच मिळालेलं होतं. ऑपरेशन झालेला, केस पिकलेला माणूस. सलूनवाल्याची बारीक कात्री खराब झाली तेव्हा तो ओरडलासुद्धा नाही. "काका, आता आराम करा," म्हणाला, एवढ्या गोड आवाजात की त्यापेक्षा शिवी परवडली. मटणवाल्याने सुरे पुढे केलेच नाहीत. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. फाशी देणारेही सगळे आपलेच, चांगले, रोज हाक मारणारे लोक.

गाडीवर शंका घ्यायचं भाऊजींना सुचलं नाही का, असं मला पुढे पुष्कळांनी विचारलं. का सुचावं? पंप तोच, नळी तीच, पेट्रोलचा रंग तोच, वासही जवळपास तोच. मामांची गाडी इतकी वर्षं एका सुरात चाललेली. बदललेलं असं एकच काही त्यांना दिसत होतं, ते म्हणजे ते स्वतः.

ताईने मला हळूच सांगितलं, ते काय करतात ते. स्वयंपाकघरात जायचे, पेला काठोकाठ पाण्याने भरायचे आणि हात लांब करून धरायचे. पाणी सांडायचं नाही. थेंबही नाही. पेला ठेवायचे, पुन्हा उचलायचे. ताई दाराआडून बघायची. "सांडलं असतं तर बरं झालं असतं गं," ती म्हणाली. "निदान खरं काय ते कळलं असतं." डॉक्टरांकडे गेले, तर त्यांनी हात उलटासुलटा करून पाहिला, काही नाही म्हणाले आणि ताकदीच्या गोळ्या दिल्या. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

मला वाटलं, आपण विश्वास दाखवला पाहिजे. माझ्याकडे आमच्या आईची मोठी कात्री आहे, जाड कापडाची. ती मी त्यांच्या हातात दिली. "बाकीच्यांचं सोडा, भाऊजी. ही तुम्हीच लावायची." ते घेईनात. मी जबरदस्तीने दिली. संध्याकाळी त्यांनी ती फडक्यात गुंडाळून माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि निघून गेले. मेहुणीबाई नाही, शेजारीण नाही, काही नाही. फडकं सोडलं तर एका पात्यावर बोटभर निळा डाग.

त्या दिवसापासून गाडी बाहेर निघाली नाही. भाऊजी दारात बसून राहायचे. कुणी कामाचं विचारलं तर म्हणायचे, "हात गेला माझा." एकदा तर म्हणाले, गोदामावर राखणदार पाहिजे आहे, तिथे नुसतं बसायचं असतं. ज्या माणसाने आयुष्यभर हाताने ओळख मिळवली त्याने नुसतं बसायच्या कामावर खूश व्हावं! ताईने त्या दिवशी ताट आपटलं. तिला पहिल्यांदाच आपटताना पाहिलं मी.

आणि छडा लागला तोही ताईमुळेच. गाडी उभी असली तरी ती पुसतच होती. एके सकाळी ती फडकं घेऊन माझ्याकडे आली. "बघ गं, सवतीला घाम यायला लागलाय." फडक्याला काळं काहीतरी चिकटलेलं, डिंकासारखं, आणि त्याला पेट्रोलचा वास. कार्बोरेटरच्या खाली ओल होती आणि तिथलं रबर बोट लावलं की काजळासारखं उठत होतं. मला गाडीतलं काही कळत नाही, पण रबर असं उठू नये एवढं कळतं. मी भाऊजींना न विचारता मिस्त्रीला बोलावलं.

मिस्त्री तरणाताठा, बोलायला कमी. त्याने अंगणातच कार्बोरेटर उतरवला. खालची वाटी उघडली आणि तिच्या खाचेत बसलेलं रबराचं कडं काढलं. मग तेच कडं पुन्हा खाचेत बसवायला गेला, तर बसेना. सुजलं होतं. गरोदरपणात बायकांच्या बोटातली अंगठी बसेनाशी होते ना, तसं. आत पेट्रोल अडवणारी सुई असते, तिचं टोक मऊ पडलेलं. आणि कार्बोरेटर इंजिनला जोडणारी रबरी नळी, बोटभर लांबीची, तिला आतून भेगा.

"इथून हवा शिरते," तो म्हणाला. "म्हणून इंजिन आपोआप वर जातं. खालून जास्तीचं पेट्रोल येतं, म्हणून बसतं. पायाने कितीही धरा काका, हे धरणार नाही."

भाऊजी दारातून उठून आले. "पण असं झालं कशाने?"

"पेट्रोल बदललं. आता त्यात इथेनॉल मिसळतात. नव्या गाड्यांचं रबर त्याला टिकेल असं असतं, जुन्यांचं नाही टिकत. माझ्याकडे हल्ली रोज अशी एक तरी गाडी येते. आणि गाडी उभी असली की जास्तच. हे पेट्रोल हवेतलं पाणी ओढून घेतं, रबर त्यातच भिजत पडतं."

भाऊजींनी ते कडं उचलून उजेडात धरलं. मग म्हणाले, "मी टाकी भरून ठेवली होती. गळ्यापर्यंत."

मिस्त्री खाली वाकून स्क्रू गोळा करायला लागला. शहाणा मुलगा.

पंपावर मी एकटीच गेले. ताई म्हणाली, "भांडून काय मिळणार आहे?" मी म्हटलं, "मिळवायला नाही चालले, भांडायला चाललेय." ते सुजलेलं कडं आणि फाटकी नळी रुमालात बांधून घेतली.

पंपावरच्या साहेबांना काचेची खोली आहे. मी रुमाल सोडून दोन्ही वस्तू त्यांच्या टेबलावर ठेवल्या. त्यांनी पेनाच्या टोकाने त्या बाजूला सारल्या.

"हे काय आहे, मॅडम?"

"तुमच्या पेट्रोलने केलेलं काम."

मी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकलं, असं म्हणू, कारण त्यांचं तोंड माझ्याकडे होतं. मग म्हणाले, "आम्ही स्टिकर लावलाय."

"कुठे?"

ते बाहेर येऊन दाखवायला तयार होते, तेवढा त्यांचा मोठेपणा. स्टिकर होता. यंत्राच्या खालच्या बाजूला, नळी टांगतात तिच्या आड, अर्धा सोलवटलेला. मी गुडघ्यावर बसून वाचला. पेट्रोल भरणारी मुलं हसली. त्यावर मिश्रण असल्याचं बारीक अक्षरांत होतं, बस्स.

"यात रबराचं कुठे लिहिलंय?"

"ते आम्ही कसं लिहिणार? ते गाडीच्या कंपनीने सांगायचं."

"मिस्त्रीने कंपनीच्या दुकानात विचारलं. ते म्हणाले हे मॉडेल बंद झालं, पेट्रोलचं पंपवाल्यांना विचारा."

"मग बघा," साहेब म्हणाले, जणू काही प्रश्न सुटला. "आणि हे वरून आलेलं आहे, आमच्या हातात काय आहे? गाडी किती जुनी आहे?"

"चालत होती तितकी."

"जुन्या गाड्या कधीतरी बदलाव्या लागतातच, मॅडम."

"माणूसही जुना आहे," मी म्हटलं. "तोही बदलून देता का?"

ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

पंपवाला म्हणतो कंपनीने सांगावं, कंपनी म्हणते पंपाने सांगावं, आणि दोघं मिळून वर बोट दाखवतात. वर जे बसलेत ते उंटावरून शेळ्या हाकतात, त्यांच्या गाड्या नव्या. मग सांगायचं कुणी, मामांनी? ते तर केव्हाच गेले.

मिसळू नका असं माझं म्हणणं नाही. हवा सुधारत असेल, परदेशातून तेल कमी आणावं लागत असेल, असेलही, मला त्यातलं कळत नाही आणि कळल्याचा आव आणायचा नाही. मला कळतं ते कापड. कापडवाला मला ताग्याबरोबर सांगतो, बाई, हे आटतं. मग मी ते आधी भिजवते, वाळवते आणि मग त्यावर कात्री चालवते. त्याने सांगितलं नाही, तर मी बेतून शिवणार, आणि पहिल्या धुण्याला गिऱ्हाइकाची विजार पोटरीवर येणार. ते गिऱ्हाईक गिरणीला शिव्या देणार नाही. मला देणार. म्हणणार, बाईचा हात गेला. दोष नेहमी शेवटच्या हाताला चिकटतो, आणि ज्याने एक वाक्य बोलायचं होतं तो काचेच्या खोलीत पंख्याखाली बसतो. एक वाक्य! जुनी गाडी भरून उभी ठेवू नका, रबर बदलून घ्या. एवढं सांगायला कुणाचं काय जात होतं?

मिस्त्रीने खूप शोधाशोध केली. त्या मॉडेलची नळी मिळेना. शेवटी एका नव्या गाडीची, या पेट्रोलला टिकणारी, आणून त्याने ती कापून बसवली. कडं बदललं, सुई बदलली, टाकी धुतली. मी इकडे साऱ्या गल्लीला सांगून आले. खानावळवालीला मुद्दाम दोनदा सांगितलं. ती म्हणाली, "अगंबाई, हो का," आणि भाजी ढवळत राहिली.

गाडी तयार झाली त्या सकाळी आम्ही सगळे अंगणात होतो. मिस्त्रीने किक मारली. इंजिन लागलं आणि एका सुरात चालायला लागलं, वर नाही, खाली नाही. भाऊजींनी डोळे मिटून ऐकलं. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर हसू आलं. ते स्टुलावर बसले, पाय पट्टीवर ठेवला. दगड फिरायला लागला, डोळ्याला स्थिर दिसावा इतका सारखा. डब्यातून थेंब पडत होते.

"आण गं सुरी," त्यांनी ताईला सांगितलं. ताईने घरातली रोजची सुरी आणून दिली.

त्यांनी पातं दगडाला लावलं. टक. टक टक. त्यांनी सुरी उचलली.

"दगड अजून ताळ्यावर नाही वाटतं."

"दगड बरोबर आहे, काका," मिस्त्री म्हणाला. खरं तेच बोलला, आणि मला त्याच्याच पान्याने त्याला मारावंसं वाटलं.

भाऊजींनी मनगट गुडघ्यावर टेकवून पुन्हा लावून पाहिलं. दगड शांत फिरत होता, इंजिन एका सुरात होतं, आणि पातं दगडावर नाचत होतं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. त्यांनी सुरी मांडीवर ठेवली आणि उजवा हात समोर धरला. हात हलत होता.

"मिस्त्री," ते म्हणाले, "याचंही रबर बघून ठेवा." आणि स्वतःच हसले.

ही नुसती मनातली भीती आहे, कंप जाईल, असं डॉक्टर नंतर म्हणाले. जाईलही. पण इतके दिवस सगळी गल्ली सांगत होती की तुझा हात गेला, आणि तो माणूस स्वतःही स्वतःला रोज तेच सांगत होता. हाताने शेवटी ऐकलं. नळी बाजारात मिळाली, कडं मिळालं, सुई मिळाली. या हाताचा भरवसा कुठून आणायचा, ते त्या काचेच्या खोलीतल्याने मला सांगावं.

मिस्त्री गाडी बंद करायला पुढे झाला. ताई म्हणाली, "राहू दे चालू." तिने पाट ओढला, भाऊजींच्या शेजारी बसली आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट गच्च धरलं.

"लावा," ती म्हणाली. "मी धरलाय."

दोघांनी मिळून त्या सुरीला धार लावली. वाकडी लागली. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी, आणि टोकाशी तर लागलीच नाही. ताईने ती पदराला पुसली, तशीच आत नेली आणि त्या दिवशीची भाजी त्याच सुरीने चिरली.